तळघराची बाराशे पानं

ग्रंथालयाच्या मागच्या अंगाला, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांपलीकडे, एक लांबट खोली होती. तिच्यात अकरा संगणक होते आणि अकराही इतके थकलेले की चित्र दाखव म्हटलं की त्यांना धाप लागायची. पंख्याची घरघर वाढायची, पडदा अर्धाच रंगायचा आणि मग सगळं जिथल्या तिथे थिजायचं. अक्षरं मात्र ते अजून झपाझप काढत. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, एवढंच. जाणकार लोक त्या काळ्या पडद्याला टर्मिनल म्हणतात. मुलं त्याला फळा म्हणत, आणि ते काही चूक नव्हतं.

मुलं तिथे जमायची ती बाईंसाठी. बाई एरवी पुस्तकांच्या देवघेवीच्या टेबलावर बसायच्या. चार वाजले की टेबलावर ‘आत आहे’ अशी पाटी ठेवून मागे यायच्या, त्या सहापर्यंत. टाइप करायच्या दोनच बोटांनी, पण अशा ठोकून की आवाज वाचनकक्षापर्यंत जायचा. म्हणून मुलांच्यात त्यांचं नाव टकटक बाई. तोंडावर अर्थात नुसतं बाई.

नव्या मुलाला पहिल्या दिवशी त्या एकच गोष्ट सांगत. “कळ दाबली की पडद्यावर काहीतरी झालंच पाहिजे. झालं नाही तर आपलंच काही चुकलं असेल म्हणून गप्प बसायचं नाही. मला विचारायचं, का झालं नाही?” मुलं विचारायची. इतकी विचारायची की बाईंचा चहा रोज थंड व्हायचा.

वर्षभर खपून त्या सगळ्यांनी मिळून एक खेळ केला होता. नाव ‘तळघर’. ग्रंथालयाच्या खाली एक काल्पनिक तळघर आहे, तिथे पुस्तकं अडकली आहेत आणि वाळवी सुटली आहे. भिंती म्हणजे आडव्याउभ्या रेघा. पुस्तक म्हणजे प. वाळवी म्हणजे व. आणि आपण म्हणजे ह, अर्थात हमाल. राजपुत्र घेऊ या असं एकाने सुचवलं होतं, पण राजपुत्राला ओझी उचलायची सवय नसते, म्हणून ते बारगळलं. काना, मात्रा, वेलांटी लावली की तो काळा पडदा गोंधळून भिंती वाकड्या करायचा, तेव्हा तळघरातली सगळी मंडळी बिनमात्रेची. बाणांच्या कळांनी हमाल पळायचा, झ दाबलं की झाडू फिरवायचा, आणि हे सगळं इतक्या वेगात की पापणी लवली तर मेलात. पडदा सेकंदाला दहा वेळा नव्याने लिहिला जायचा.

वाळवी लिहिली होती ठिपक्याने. ठिपका म्हणजे आठ वर्षांची एक मुलगी, खुर्चीत दोन जाडे कोश ठेवून त्यावर बसणारी. तिने वाळवीला फक्त तीन ओळी शिकवल्या होत्या: हमाल कुठे आहे बघ, एक पाऊल तिकडे टाक, पुन्हा बघ. एवढ्यावर ती वाळवी भल्याभल्यांना पळता भुई थोडी करायची.

टेबलाखाली एक बारावा संगणक होता. त्याला ना पडदा, ना कळा. खेळ त्याच्या पोटात चालायचा आणि अकरा जण आपापल्या पडद्यावरून त्याच तळघरात उतरायचे. पण तो खोलीतल्या तारेने जोडलेल्या यंत्रांपुरताच. मुलांना हवं होतं की खेळ ग्रंथालयाच्या मोठ्या सर्व्हरवर ठेवावा, म्हणजे कोणीही घरबसल्या एक ओळ टाइप करून आत येईल. बाई म्हणायच्या, बघू.

ते बघायची वेळ आली ती खोलीवरच गदा आली तेव्हा.

या ग्रंथालयाला सगळ्यात नीटनेटक्या नोंदवह्यांसाठी ओळीने सात वर्षं ढाल मिळाली होती. सात ढाली, त्यांच्यासोबतची मानपत्रं आणि ती स्वीकारतानाचे अध्यक्षांचे सात फोटो एवढा ऐवज जिन्याखाली पडून होता. तो मांडायला मागची खोली घ्यावी, असा ठराव समितीपुढे आला.

“मी काय म्हणतो,” अध्यक्ष बाईंना म्हणाले, “मुलं काय, कुठेही खेळतील. ढाली कुठेही खेळू शकत नाहीत.” अध्यक्ष भले मोठे, रुंद गृहस्थ होते. बोलून झालं की स्वतःच मान डोलवायचे.

“पण मुलं तिथे काहीतरी तयार करतात, साहेब.”

“मग दिसू दे ना लोकांना! पुढच्या महिन्याच्या सभेपर्यंत तुमचं काम ग्रंथालयाच्या सर्व्हरवर दिसू दे. दिसलं तर खोली मुलांची. नाहीतर ढालींची. अन्याय नको कोणावर.”

बाईंनी त्याच दिवशी अर्ज केला. अर्ज घेणारे कार्यवाह हे बाईंचे धाकटे दीर. एकाच घरात राहायचे, रोज बाईंच्या हातचं जेवायचे. घरी वहिनी म्हणायचे. ग्रंथालयाचा उंबरा ओलांडला की ‘आपण’ म्हणायचे.

“नियम अकरा,” त्यांनी पुस्तिका उघडली. “ग्रंथालयाच्या नावाने बाहेर जाणारा कोणताही मजकूर समितीने आधी कागदावर वाचला पाहिजे. पानोपानी सही. आपला खेळ अक्षरांचाच आहे ना?”

“अक्षरांचा आहे, पण अहो तो हलतो!”

“हलू दे. छापून आणा.”

“भाऊजी, सेकंदाला दहा पडदे. दोन मिनिटं कोणी खेळलं तरी बाराशे पानं होतील.”

“कार्यवाह म्हणा इथे. बाराशे तर बाराशे.”

आता दुसरं कोणी असतं तर कपाळाला हात लावून घरी गेलं असतं. बाईंनी मुलांना काम वाटून दिलं. ठिपका खेळायला बसली. तिने दोन मिनिटं दम धरला, सहा पुस्तकं वर आणली आणि सातव्याच्या नादात कोपऱ्यात सापडून मेली. तेवढा सगळा खेळ पडद्यापडद्याने छपाईयंत्रावर पाठवला. यंत्र अडीच दिवस कुरकुरत होतं. पानांवर आकडे घालायचं काम वकिलाकडे दिलं. हा मुलगा प्रत्येक गोष्टीत वाद घालतो म्हणून त्याचं नाव वकील पडलं होतं. त्याने नऊशे एकाहत्तरपर्यंत आकडे घातले आणि मग विचारलं, “बाई, हे वाचून त्यांना कसं कळणार की खेळायला मजा येते का?”

“नाही कळणार.”

“मग का वाचतायत?”

“सही करायची आहे म्हणून. आकडे घाल.”

समितीत अध्यक्ष धरून आणि कार्यवाह सोडून अकरा जण. त्यांनी चार दुपारी बसून बाराशे पानं वाचली, आणि हे मान्य केलं पाहिजे की मन लावून वाचली. तिसऱ्या दुपारी तर एक सभासद पान आठशे बारावर अडला आणि पुढे सरकेना, कारण त्याला हमालाची काळजी वाटायला लागली होती. शेवटी सूचना आल्या.

पान चारशे तीन आणि चारशे चार यांत काहीच फरक नाही, तेव्हा पुनरुक्ती टाळावी. हे एकाने काढल्यावर बाकीच्यांनाही पुनरुक्त्या सापडायला लागल्या. हमाल नुसता उभा आहे अशी सगळी पानं गेली. वाळवी एकच पाऊल पुढे आली आहे अशीही गेली. अशी चारशे बासष्ट पानं लाल पेन्सिलीने खोडली गेली. मग शेवटचं पान आलं.

“हमाल मरतो?” अध्यक्षांनी चष्मा काढला. “ग्रंथालयाच्या नावाखाली? मी काय म्हणतो, शेवट आशादायक पाहिजे.” आणि त्यांनी स्वतःच्या हाताने वाळवीचा व खोडून तिथे लिहिलं: ‘हमाल विजयी झाला.’ खाली सही. समितीत टाळ्या पडल्या.

त्या रात्रीच्या जेवणाला दीर खुशीत होते. “वहिनी, झालं ना तुमचं काम! सातशे अडतीस पानं मंजूर. आता तेवढं सर्व्हरवर चढवा.”

“तेवढं म्हणजे?”

“मंजूर मजकूर. त्यात बदल करता येत नाही.”

बाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. “भाऊजी, ती पानं म्हणजे ठिपका एकदा कशी खेळली ते आहे. दुसऱ्याने डावीकडची कळ दाबली तर?”

“मंजूर मजकुरात तो उजवीकडे जातो.”

“पण त्याने डावीकडची दाबली तर?”

“दाबू दे की. कोणी अडवलंय?”

बाईंच्या यजमानांनी वर्तमानपत्रातून डोकं काढलं. “तुम्ही दोघं कचेरीत भांडत जा. मला वाढा आधी.”

दुसऱ्या दिवशी चार वाजता बाईंनी मुलांना सगळं सांगितलं. लपवायची त्यांना सवय नव्हती. सातशे अडतीस पडदे एकामागून एक दाखवायचे, कळा दाबा की नका दाबू. तसं सर्व्हरवर ठेवलं तर खोली राहते. नाही ठेवलं तर ढाली येतात.

“म्हणजे दाबलं तरी काही होणार नाही?” ठिपक्याने विचारलं.

“नाही.”

“आणि मग आम्ही विचारलं, का नाही होत?”

बोलला तो वकील. “आपण ठेवू या, बाई. खोली राहू दे. खरा खेळ टेबलाखाली आहेच. कोणाला कळतंय?”

तो म्हणत होता ते सोयीचं होतं. खोली गेली तर या मुलांना बसायला दुसरी जागा नव्हती, आणि बाराव्या यंत्राला तर नक्कीच नव्हती. बाईंनी ठोकून ठोकून दोन तासांत तो दिखाऊ खेळ तयार केला आणि सर्व्हरवर चढवला. त्या दिवशी मुलं त्यांच्या बोटांकडे बघत होती, आणि बाईंना ते पहिल्यांदाच नको वाटत होतं.

सभेला वाचनकक्ष भरला होता. समिती पुढे, मुलं आणि त्यांचे आईबाप मागे. भिंतीवर मोठा पडदा लावला होता. अध्यक्ष कळफलकापुढे बसले, बाह्या सरसावल्या, आणि कार्यवाहांनी सांगितलेली ओळ टाइप करून तळघरात उतरले.

अध्यक्षांनी बाण दाबले, झ दाबलं, आवेशात आणखीही काय काय दाबलं. पडद्यावर हमाल पळाला. पानं गाळल्यामुळे तो अधूनमधून एकदम चार पावलं पलीकडे उगवत होता. “काय चपळ आहे!” कोणीतरी म्हणालं. वाळवी अंगावर आली, अध्यक्ष खुर्चीत उजवीकडे कलंडले, हमालही उजवीकडे गेला आणि सुटला. “प्रसंगावधान लागतं,” अध्यक्ष धापा टाकत म्हणाले. थोड्या वेळाने अक्षरं उमटली: हमाल विजयी झाला. टाळ्यांचा कडकडाट.

मग उपाध्यक्ष खेळले. जिंकले. एक सभासद म्हणाला की माझी डाव्या बाजूने जायची पद्धत आहे. तोही उजव्या बाजूने गेला आणि जिंकला. कोणी हरतच नव्हतं, आणि त्यात कोणाला काही खटकतही नव्हतं. इतके गुणी लोक एका समितीत असल्याचा आनंदच सगळ्यांना झाला होता.

“आता मुलांपैकी येऊ दे एखादं,” अध्यक्षांनी मोठ्या मनाने म्हटलं. “तू ये गं, छोटी.”

ठिपका पुढे आली. कोणीतरी खुर्चीत दोन कोश ठेवले. ती चढून बसली आणि हाताची घडी घातली. हमाल पळाला, झाडू फिरला, पुस्तकं आली, वाळवी चुकली. ठिपक्याने कळेला बोटही लावलं नाही. हमाल विजयी झाला.

समितीतल्या दोघातिघांनी तिच्या घडी घातलेल्या हातांकडे पाहिलं. बाईंना वाटलं, आता कळलं यांना.

“वा!” अध्यक्षांनी मान डोलवली. “याला म्हणतात सोपा खेळ. हात न लावता लहान मूलसुद्धा जिंकतं. कार्यवाह, हे इतिवृत्तात घ्या. आणि खोली मुलांकडेच राहावी असा ठराव मी मांडतो.”

कार्यवाहांनी लेखणी उचलली. बाईंनी फक्त गप्प बसायचं होतं. दोन ओळी लिहून होईपर्यंत गप्प बसायचं, की खोली त्यांची. त्यांनी ठिपक्याकडे पाहिलं. ती अजून घडी घालून बसली होती आणि मान वळवून बाईंकडेच बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नवीन मूल बघतं तसं ती बघत होती, उत्तराची वाट बघत.

“थांबा, साहेब,” बाई उभ्या राहिल्या. “हा खेळ नाहीये. तुम्ही कळ दाबलीत म्हणून यात काहीही झालेलं नाही. या पोरीने एकदा खेळून दाखवलं, त्याची ही चित्रं आहेत. शेवटचं तर तेही नाही. ती मेली होती. जिंकलात ते तुम्ही पेन्सिलीने.”

“वहिनी!” कार्यवाहांच्या तोंडून भर सभेत गेलं. मग त्यांनी घसा साफ केला. “म्हणजे, बाई. आपल्या या निवेदनानुसार मुलांचं काम सर्व्हरवर नाहीच. अट पुरी झालेली नाही. तेव्हा खोली ढालींना देण्याच्या मूळ ठरावावर मतदान घ्यावं लागेल.”

“घ्या,” बाई म्हणाल्या.

पण अध्यक्षांचा चेहरा लाल झाला होता. त्यांना ठरावाचं काही पडलेलं नव्हतं. “मी वाळवी चुकवली,” ते म्हणाले. “मी स्वतः उजवीकडे गेलो. सगळ्यांनी पाहिलंय.”

“वाळवी चुकवायला ती मागे लागावी लागते, आजोबा,” ठिपका म्हणाली. “ही लागतच नाही. माझी लागते.”

“कुठे आहे तुझी?”

“मागच्या खोलीत.”

अध्यक्ष तरातरा मागच्या खोलीत गेले. आपले अध्यक्ष कसे खेळतात हे बघायला उपाध्यक्ष गेले. त्यांच्यामागे आणखी दोघं. आतून पहिली चार सेकंदं काही ऐकू आलं नाही. मग अध्यक्षांचा आवाज आला: “अरे!” मग पुन्हा: “अरे, अरे, अरे!” मग ठिपका समजावत होती, “आजोबा, झ दाबून ठेवायचं नाही, सोडायचं. नुसतं दाबलं की झाडू एकाच जागी अडकतो.” मग कोणीतरी मोठ्यांदा हसलं, आणि अध्यक्ष ओरडले, “हसताय काय, तुम्ही या खाली, मग बघू!”

तळघरात एका वेळी अकरा जण उतरू शकत होते आणि समितीही अकरा जणांचीच होती. एकेक खुर्ची रिकामी होत गेली. आठशे बाराव्या पानावर अडलेला सभासद तर जवळजवळ पळतच गेला. पाव तासाने पुढच्या टेबलाशी एकटे कार्यवाह उरले. बाकी सगळे आईबाप होते, आणि तेही दाराशी टाचा उंचावून बघत होते.

“मतदानाला या!” कार्यवाहांनी हाक मारली.

“आलो, आलो,” आतून उत्तर आलं, पण आलं कोणी नाही.

त्यांनी घड्याळ पाहिलं. नियमपुस्तिका काढली. सात जण हजर नसतील तर वीस मिनिटांत सभा तहकूब करावी लागते, आणि तहकूब सभेत अडकलेला ठराव वर्षभर पुन्हा मांडता येत नाही. नियम त्यांच्याच हाताने लिहिलेला होता, आणि तो मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. बरोबर वीस मिनिटं ते थांबले. मग लिहिलं: ‘गणसंख्येअभावी सभा तहकूब. खोलीची व्यवस्था पूर्ववत.’ लिहिताना त्यांनी एकदा वहिनीकडे पाहिलं. बाईंनी पदराने कपाळ पुसलं.

राहिली अध्यक्षांची सही. कार्यवाह वही घेऊन मागच्या खोलीत शिरले. तिथे अकरा मोठी माणसं पाठ वाकवून बसली होती आणि प्रत्येकामागे एक मूल उभं राहून ओरडत होतं. वकील उपाध्यक्षांशी वाद घालत होता आणि जिंकत होता. अध्यक्ष कोपऱ्यात होते. त्यांचा हमाल पाच पुस्तकं घेऊन जिन्याकडे निघाला होता.

“साहेब, इथे एक सही.”

“नंतर.”

“नंतर चालत नाही. सभा तहकूब झाल्यापासून पाच मिनिटांत लागते.”

“आजोबा, मागे बघा, दोन आल्या!” ठिपका किंचाळली.

अध्यक्षांनी डावा हात कळांवर ठेवला आणि उजव्याने, पडद्यावरची नजर न हलवता, वहीवर सही ओढली. तेवढ्यात डावीकडून तिसरी वाळवी आली.

“मेलो,” अध्यक्ष म्हणाले, आणि कार्यवाहांकडे असं बघितलं की ते वही छातीशी धरून दोन पावलं मागे सरकले. “पाच पुस्तकं होती माझ्याकडे! पाच! कळतं का तुम्हाला?”

“सही इथे हवी होती, साहेब, ती जरा तिरकी...”

“जा तुम्ही आता,” अध्यक्ष म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढली. “हं, छोटी, सांग. जिन्यापाशी दोघी आल्या तर आधी कोणती झाडायची?”